उंदराच्या अर्ध्या मेंदूचं आयडिस्को (अख्खी ऊती अँटिबॉडीने रंगवून पारदर्शक करण्याची पद्धत) केलं. टायरोसिन हायड्रॉक्सिलेजची (डोपामिन बनवणाऱ्या पेशींतल्या एन्झाइमची) अँटिबॉडी कडेला लखलखते, आत सगळं काळं. क्लिअरिंग, म्हणजे ऊती पारदर्शक करणं, फसलं का?

आधी त्याच नमुन्याचा ४८८ चॅनल (४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशात घेतलेलं चित्र) बघा. तिथे दिसते ती ऊतीची स्वतःची चमक, अँटिबॉडीचा संबंध नाही. त्यात हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस हे मेंदूतले खोलवरचे भाग आतपर्यंत ओळखू येत असतील तर क्लिअरिंग ठीक आहे, अँटिबॉडीच आत पोचलेली नाही. तिथेही आत धूसर असेल तर बहुधा पाणी उरलंय. शेवटच्या १०० टक्के मिथेनॉलसाठी नवी बाटली उघडा, जुनी हवेतली ओल ओढते.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता वाटते. अँटिबॉडीचा रेणू सुमारे १५० किलोडाल्टनचा, आत सरकतो हळू, आणि वाटेत भेटेल त्या लक्ष्याला चिकटून बसतो. स्ट्रायाटम या मेंदूच्या भागात डोपामिनच्या तंतूंची इतकी दाटी असते की बाहेरचा थरच सगळा साठा गिळतो. म्हणून पातळ कापांसाठीचं १:१००० प्रमाण इथे पुरत नाही. १:२०० पासून सुरुवात करा, ३७ अंशांवर शेकरवर ७ दिवस ठेवा, आणि चौथ्या दिवशी निम्मी मात्रा पुन्हा घाला. सेकंडरीलाही (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला चिकटणाऱ्या, चमकता रंग लावलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीला) तेवढेच दिवस द्या. घाई बहुतेक वेळा तिथेच होते. ती वापरण्याआधी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, नाहीतर गुठळ्यांचे ठिपके पेशींसारखे दिसतात. सेकंडरी ६४७ ची, म्हणजे गडद लाल टोकाला चमकणाऱ्या रंगाचीच घ्या.

फिक्सिंगही (ऊती रसायनाने टिकवणं) तपासा. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर एक रात्र पुरे. आठवडाभर पडून राहिलेल्या मेंदूत प्रथिनांचं जाळं इतकं घट्ट होतं की पुढचे उपाय फारसे लागू पडत नाहीत. त्यानंतर मिथेनॉलची चढती मालिका आणि डायक्लोरोमिथेन-मिथेनॉल २:१ मध्ये रात्रभर, हा टप्पा गाळू नका. अँटिबॉडीची वाट अडवणारी चरबी तिथेच निघते. डायक्लोरोमिथेन फ्यूम हूडमध्येच, आणि पॉलिस्टायरिनच्या भांड्यात कधीच नको, ते विरघळतं.

खात्री करायची तर हाच नमुना फेकू नका. डायक्लोरोमिथेन, मग उतरतं मिथेनॉल, मग पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) अशा क्रमाने परत पाण्यात आणा, मधोमध ब्लेडने कापा आणि कापलेली बाजू ताज्या प्रायमरी-सेकंडरीने रंगवा. सबस्टॅन्शिया नायग्रा (डोपामिन पेशींचा खोलवरचा भाग) उजळली तर अँटिबॉडी पोचत नव्हती हे पक्कं. नाही उजळली तर दुसऱ्या मेंदूचा एक पातळ काप मिथेनॉलमध्ये ३ तास ठेवून रंगवून बघा. तुमच्याकडची अँटिबॉडी मिथेनॉलनंतर काम करते की नाही ते त्यातून कळेल.