कार्ड हातात यायच्या आधी युरोप फिरता येतं का

तुम्ही विचारलंय की जानेवारीत म्युनिकला शिफ्ट होताय, बायको आणि तिसरीतली मुलगी सोबत, तर रेसिडन्स परमिटचं कार्ड यायच्या आधी ईस्टरच्या सुट्टीत पॅरिस-स्वित्झर्लंड जमेल का. फॉर्म, फी वगैरे ऑफिशियल साइटवर आहे, ते परत लिहीत नाही.

पासपोर्टवरचा डी व्हिसा (जर्मनीत राहायला येताना मिळतो तो) चालू आहे तोवर फिरा, 180 दिवसांत 90 दिवस बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला गट) चालतात, स्वित्झर्लंड त्यात येतं, आयर्लंड आणि यूके नाही. खरा त्रास व्हिसा संपतो आणि कार्ड आलेलं नसतं तेव्हा. म्हणून व्हिसा संपायच्या आधीच अर्ज टाका, मग फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मिळतो, त्यावर जर्मन रेसिडन्स कायद्याच्या कलम 81 चे चौकोन असतात, फुली कुठल्यावर आहे ते तिथेच उभं राहून बघा. उपकलम 4 वर असेल तर जुना व्हिसा चालूच आहे असं धरतात, जर्मनीत परत येता येतं, पासपोर्टमधला जुना व्हिसा-स्टिकर मात्र जवळ हवाच. 3 वर असेल तर देशाबाहेर जाऊच नका. आणि 4 असला तरी एअरलाइनच्या काउंटरवरच्या माणसाला तो कागद ओळखता येईलच असं नाही, भारतात जायचं झालं तर डायरेक्ट फ्लाइट बघा.

आता मुलीचं, कारण तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. आमची लेक चौथीत होती, बव्हेरियात (म्युनिकचं राज्य) चौथीच्या मार्कांवर जिम्नॅझियम (युनिव्हर्सिटीकडे नेणारी पुढची शाळा) ठरतं, जर्मन, गणित, परिसर अभ्यास मिळून सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते (इथे आकडा कमी तेवढं चांगलं), त्या टेन्शनमधे पोर वर्षभर, आणि वर्गाची ऑस्ट्रियात साल्झबर्गला एक दिवसाची सहल निघाली. तिचं कार्ड रखडलेलं (मुलांचं परमिट वेगळं असतं, आईबाबांच्या कार्डावर भागत नाही). शाळा म्हणाली कागद पुरे नाहीत, त्या दिवशी दुसऱ्या वर्गात बसवू. बसवलं. खूप नंतर कळलं की अशा सहलीसाठी नॉन-ईयू मुलांची फोटोसकट यादी करून फॉरेनर्स ऑफिसचा शिक्का घेता येतो, ईयूने 1994 मधेच हे ठरवलंय, तेवढ्यावर मूल शिक्षकांसोबत सीमा ओलांडू शकतं. शाळेत कोणीच बोललं नाही. लेक आता मोठी झाली, ती त्याचं नावही काढत नाही, मला मात्र अजून राग येतो.

एकटेपणाचं म्हणाल तर पहिला हिवाळा जड जातो, मग चार मराठी घरं जोडली जातात, निभतं. त्यापेक्षा हे सांगतो, ऑस्ट्रियाहून ट्रेनने येताना सीमेवरच्या फ्रायलासिंगला पोलीस डब्यात चढतात, माझ्याकडे आता कायमचं परमिट आहे तरी पोटात गोळा येतो, घरी हे कधी बोललो नाही.

तर ईस्टरची तिकिटं काढा, पण व्हिसावरची शेवटची तारीख बघून. आणि मुलीचं नाव शाळेत घालाल त्याच दिवशी त्या यादीचं विचारा, श्युलरझामेललिस्टे म्हणतात तिला. माहीत नाही म्हणाले तर लेखी मागा.