वाचकांचे प्रश्न : परफ्यूम, नेलपॉलिश आणि टपालाची मनाई

प्रश्न : लहान उत्पादकांकडून सौंदर्यप्रसाधने घेऊन मी ती ऑनलाइन विकते. साबण, उटणे आणि लिप बाम यांची पार्सले आजवर स्पीड पोस्टाने विनातक्रार गेली. परंतु या वेळी ५० मिलिलिटरच्या परफ्यूमच्या स्प्रे-बाटल्या आणि नेलपॉलिश असलेले पार्सल खिडकीवरूनच परत मिळाले. वेष्टन अगदी पक्के होते. अशाच बाटल्या विमानप्रवासात बॅगेत नेल्या तर कोणी हरकत घेत नाही, मग टपालालाच अडचण का? संत्र्याच्या सालीचे तेल लवकरच विक्रीस आणणार आहे. त्यात अल्कोहोल नसल्याने ते तरी टपालाने पाठवता येईल ना?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : खिडकीवरील कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणेच काम केले आहे. १८९८ च्या भारतीय डाकघर कायद्याच्या १९ व्या कलमाने स्फोटक आणि धोकादायक पदार्थ टपालात टाकण्यास बंदी घातली होती. त्या कायद्याची जागा घेणारा डाकघर अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला, तरी ज्वलनशील पदार्थांवरील मनाई उठलेली नाही. आणि ती बाटली केवढी आहे किंवा किती नीट गुंडाळली आहे यावर ठरत नाही, तर आतल्या द्रवावर ठरते.

द्रवाची वाफ ठिणगी लागताच पेट घेऊ शकेल अशा सर्वांत कमी तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असलेला द्रव ज्वलनशील मानला जातो. परफ्यूमचा बहुतांश भाग असलेल्या इथाइल अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश आहे, नेलपॉलिशमधील इथाइल अॅसिटेटचा शून्याखाली सुमारे ४ अंश, तर नेलपॉलिश काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अॅसिटोनचा शून्याखाली जवळजवळ २० अंश. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहूनही वर, हे ध्यानात घेतले म्हणजे गळक्या झाकणाचा अर्थ काय होतो ते निराळे सांगायला नको. वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी परफ्यूमला १२६६ हा क्रमांक दिला आहे, नेलपॉलिश १२६३ क्रमांकाच्या रंगांच्या गटात येते आणि डिओडरंटचे दाबयुक्त डबे १९५० मध्ये.

संत्र्याच्या तेलाबाबत मात्र आपली निराशा होणार आहे. अल्कोहोल नाही म्हणजे ज्वलनशील नाही, हा समज आपल्याच नव्हे तर बहुतेक विक्रेत्यांच्या मनात असतो. या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन असून त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४८ अंश आहे, म्हणजे नागपूरची ओळख असलेल्या फळाचे तेलही ज्वलनशील द्रवांतच मोडते. याउलट, शुद्ध चंदन तेलाचा फ्लॅश पॉइंट ६० अंशांच्या बराच वर असल्याने त्यावर केलेले अत्तर या वर्गात येत नाही. पण बाजारातील स्वस्त अत्तरे अनेकदा अल्कोहोल घालून पातळ केलेली असतात, तेव्हा नावावर विसंबू नये.

विमानातल्या बॅगेचा दाखला येथे लागू पडत नाही. प्रवाशाला स्वतःच्या वापराची प्रसाधने प्रत्येकी अर्धा लिटर आणि एकूण २ लिटरपर्यंत नेण्याची सवलत आहे, कारण वस्तू मोजक्या असतात आणि त्यांचा मालकही सोबत असतो. टपालाच्या थैलीत एका पार्सलाशेजारी दुसरे कोणते येईल हे कोणालाच माहीत नसते, आणि थैली रेल्वेने जाईल की विमानाने हे पाठवणारा ठरवत नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात येऊन आपसांत थैल्या बदलून घेत असत. थैली हाती घेणाऱ्याला तिच्यात काय आहे हे तेव्हाही कळत नसे.

मार्ग असा आहे की प्रत्येक उत्पादनाची सुरक्षितता माहितीपत्रिका, म्हणजे व्यवहारात जिला एमएसडीएस म्हणतात ती, उत्पादकाकडून मागून घ्यावी. तिच्या १६ भागांपैकी नवव्या भागात फ्लॅश पॉइंट आणि चौदाव्या भागात वाहतुकीचा वर्ग दिलेला असतो. जो उत्पादक ती देण्यास टाळाटाळ करतो, त्याचा माल विकूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्वलनशील ठरलेला माल धोकादायक माल स्वीकारणाऱ्या आणि केवळ रस्त्याने नेणाऱ्या कुरिअरकडे, योग्य घोषणापत्र व लेबलांसह द्यावा. पार्सलवर ‘गिफ्ट’ किंवा नुसते ‘कॉस्मेटिक्स’ लिहून ते पुढे सरकवण्याचा सल्ला काही विक्रेते देतात. विमानतळावरील क्ष-किरण तपासणीत बाटल्या दिसतातच, आणि खोट्या घोषणेची जबाबदारी पाठवणाऱ्यावरच येते. साबण, उटणे आणि मेणावर केलेले घट्ट परफ्यूम आपण पूर्वीप्रमाणे पाठवू शकता. कापूर मात्र घन असला तरी ज्वलनशीलच आहे.

प्रश्न : पोस्ट घेत नसेल तर परफ्यूमची खोकी पुण्याला ट्रॅव्हल्सच्या बसने किंवा रेल्वेच्या पार्सलने पाठवावीत का?
— एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : ट्रॅव्हल्सने कदापि पाठवू नयेत. शयनयान बसच्या डिकीवर माणसे रात्रभर झोपलेली असतात आणि बाहेर पडायला दारे मोजकीच असतात. रेल्वेच्या बाबतीत, रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६७ प्रमाणे धोकादायक मालाची लेखी सूचना द्यावी लागते व खोक्यावर त्याचे स्वरूप ठळकपणे लिहावे लागते. तसे न करता माल दिल्यास कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : माझी धाकटी बहीण लंडनला असते. तिथले टपाल खाते परफ्यूम घेते, असे ती सांगते. मग तिने मला इकडे पाठवले तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बहिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ब्रिटनच्या रॉयल मेलने देशांतर्गत पार्सलात प्रत्येकी १५० मिलिलिटरपर्यंतच्या चार बाटल्यांना, ठरावीक वेष्टन आणि लेबलाच्या अटीवर, मुभा दिलेली आहे. परदेशी टपालात मात्र एकही बाटली चालत नाही. अमेरिकेतही अल्कोहोलयुक्त परफ्यूम देशात फक्त जमिनीवरील मार्गाने जाते आणि परदेशी टपालात स्वीकारले जात नाही. बहीण सुट्टीवर येईल तेव्हा तिने ते चेक-इन सामानातून आणावे. वर सांगितलेली प्रवाशाची मर्यादा त्यासाठी पुरेशी आहे.