चेहरा, हातवारे आणि बोलणं यांवरून समोरच्याचा स्वभाव ओळखता येतो का?

तुम्ही विचारलंय की मुलाखतीत किंवा स्थळ बघताना, म्हणजे पहिल्याच भेटीत, हावभावांवरून माणूस कसा ओळखायचा. थोडाफार ओळखता येतो. पण 'हाताची घडी म्हणजे आतल्या गाठीचा' छापाचे तक्ते आधी बाजूला ठेवा. एसी जास्त असला तरी हाताची घडी पडते आणि खुर्चीला हात नसले तरी पडते.

चेहऱ्यावर दिसतो तो त्या घडीचा मूड. तोच मूड वेगवेगळ्या प्रसंगी पुन्हा पुन्हा दिसला तर त्याला स्वभाव म्हणायचं. अनोळखी माणसाचा त्यातल्या त्यात बरा अंदाज येतो तो बोलकेपणाचा, चारचौघांत मिसळण्याचा. आतून किती काळजी करतो, मनात किती डूख धरतो, हे एका बैठकीत कळत नाही.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं बिनमहत्त्वाचं बोला: प्रवास, ट्रॅफिक, चहा. तेवढ्यात त्याची नेहमीची लय टिपून घ्या. उत्तर किती वेळात येतं, हात कुठे असतात, नजर कधी वळते. मग मुद्द्याचा प्रश्न टाका आणि लय कुठे मोडते ते पाहा. गप्पांमध्ये उत्तर साधारण ०.२ सेकंदात सुरू होतं, त्यामुळे एरवी भराभर बोलणारा 'आधीची नोकरी का सोडली?' वर दोन सेकंद अडला तर ते लगेच जाणवतं. तिथे काहीतरी आहे, एवढंच त्यातून समजतं. काय आहे, ते पुढचा प्रश्न विचारून काढावं लागतं.

हसू वाचायचं तर डोळ्यांपाशी वाचा. फ्रेंच डॉक्टर दूशेन यांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं की खऱ्या आनंदात डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो. मात्र निव्वळ कोपऱ्यातल्या सुरकुत्यांवर जाऊ नका. ओठ जोरात ताणले की गाल वर चढून त्या आपोआप पडतात. भुवई आणि पापणी यांच्यामधली कातडी किंचित खाली येते का, ते बघा. ते मुद्दाम करणं पुष्कळांना जमत नाही. आणि चिकटवलेलं हसू बहुधा झटकन मावळतं.

माझा भर मात्र बोलण्यावर, आणि मराठीत तर क्रियापदावर. काम राहिलं तर एक जण म्हणतो 'मी विसरलो', दुसरा 'ते राहूनच गेलं', तिसरा 'मला कुणी सांगितलंच नाही'. चूक झाली की कर्ता गायब आणि यश आलं की 'मी केलं', हे एका बैठकीत तीन-चारदा ऐकू आलं तर नोंद घ्या. इंग्रजीत 'मी' किती वेळा येतो यावर बरंच संशोधन आहे, पण ते आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. 'गेलो', 'विसरलो' म्हणताना आपल्याला सर्वनाम लागतंच कुठे?

खोटं पकडण्याच्या फंदात पडू नका. २००६ साली बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले, तर खरं-खोटं ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात. 'उजवीकडे वर पाहिलं म्हणजे थाप' हा दावाही तपासणीत टिकलेला नाही. शिवाय वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणं हे आपल्याकडे वळण मानतात, त्याला चोरटेपणा समजलात तर चांगला उमेदवार हातचा जाईल.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तर यातलं निम्मं निकामी, कारण सगळेच परीक्षेला बसलेले असतात. दुसरी भेट घराबाहेर ठेवा, दोन तास तरी, आणि जमलं तर जिथे रांग लागते अशा ठिकाणी.