मुंबईत एखादा जुना कोरीव दगड किंवा लेख सापडला तर ती माहिती लोकांपर्यंत कशी पोहोचवावी? लोकांना खरंच त्यात रस असतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे की तुमच्या गावठाणात देवळामागे एक कोरलेला दगड पडून आहे, तो महत्त्वाचा असावा असं तुम्हाला वाटतं, पण सांगायचं कोणाला आणि ऐकणार कोण, म्हणून तुम्ही गप्प आहात.

आधी ऐकण्याबद्दल सांगते. लोक ऐकतात, अगदी मांडी घालून ऐकतात. आपण सांगायला उलट्या टोकाकडून सुरुवात करतो, तिथे गडबड होते. आधी तज्ज्ञांना फोन, मग वर्तमानपत्र, मग व्हॉट्सॲप. ज्यांच्या दारात तो दगड सात पिढ्या उभा आहे, त्यांना सगळ्यात शेवटी कळतं, तेही बातमीतून. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिलं सांगणं त्या दारात झालं पाहिजे.

मी पश्चिम उपनगरातल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. कलिन्याला विद्यापीठात पुरातत्त्वाचा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम केला आणि तेव्हापासून सुटीच्या दिवशी साष्टीतली, म्हणजे मुंबईच्या उपनगरांकडची, गावठाणं, पाडे, तळ्यांचे काठ पायी फिरते. अशाच एका गावठाणात विहिरीजवळ कमरेएवढा एक दगड दिसला. अर्धा मातीत, वर शेंदराचे थरावर थर. एका बाजूने शेंदराची खपली निघाली होती आणि तिथे सूर्याचं वाटोळं अन् त्याच्या शेजारी चंद्रकोर स्पष्ट दिसत होती. गल्लीतल्या बायका त्याला वेताळ म्हणत. अमावास्येला नारळ ठेवत, पण लेकरांना जवळ जाऊ देत नसत.

आम्ही तिघी होतो. मी उत्साहात पिशवीतून टेप काढला आणि उंची घ्यायला बसले. समोरच्या ओट्यावरून एक आजी ओरडल्या, "काय मोजता गं? बिल्डरची माणसं का तुम्ही?" पाच मिनिटांत आठ-दहा माणसं जमली. त्यांचं चुकलं नव्हतं. मुंबईच्या गावठाणात टेप घेऊन आलेला माणूस आजवर कधी चांगल्या कामाला आलेला नाही. त्या दिवशी टेप पिशवीत गेला, आम्ही ओट्यावर बसलो, चहा घेतला आणि आजींनाच विचारलं की हा वेताळ इथे कधीपासून आहे. त्या बोलत्या झाल्या. दगड आधी बांधावर होता, शेतं गेली, चाळ झाली, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी तो ओढून विहिरीशी आणला. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे सोन्यासारखं वाक्य होतं, कारण असा दगड जमिनीच्या हद्दीवरच असायला हवा. टेपने हे कळलं नसतं.

मग मी माझं सांगितलं. याला गधेगाळ म्हणतात. साधारण हजार ते आठशे वर्षांपूर्वी उत्तर कोकणावर शिलाहार राजे होते. राजाने एखादी जमीन किंवा उत्पन्न देवाला, मठाला, ब्राह्मणाला दिलं की तसा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावं. मध्ये लेख. आणि सगळ्यात खाली गाढव आणि एक स्त्री, हे चित्र. जो हे दान मोडेल त्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कळावी, म्हणून चित्रात. हे सांगताना मला घाम फुटला होता, समोर म्हातारी माणसं आणि दोन शाळकरी पोरं. पण मी गुळमुळीत केलं नाही. शिवी आहे, आईवरून आहे आणि ती सरकारी आहे, असं सरळ सांगितलं. क्षणभर शांतता. मग एक काका म्हणाले, "म्हणजे ताई, हा सातबाराच की आमचा!"

इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या तासाला मिळाली नव्हती. तेव्हापासून मी सगळीकडे हाच शब्द वापरते.

त्या दगडावरच्या ओळी पार झिजल्या आहेत, आम्हाला वाचता आल्या नाहीत, आणि तेही आम्ही तसंच सांगितलं. लोकांना याचा राग येत नाही. उलट विश्वास बसतो. नंतर एकदा रात्री टॉर्च तिरपा धरून पुन्हा प्रयत्न केला. समोरून प्रकाश मारला तर झिजलेलं अक्षर दिसत नाही, बाजूने अगदी दगडाला चिकटून मारला तर खाचेत सावली पडते आणि रेघ उठून दिसते. अर्धं गावठाण जमलं होतं. एक शिरोरेखा उमटल्यासारखी वाटली तेव्हा पोरं अशी ओरडली की जणू लेणं सापडलं.

वाचता येणारा लेख बघायचा असेल तर परळचा आहे. शिलाहार राजा अपरादित्याचा, शके ११०८ चा, म्हणजे इ.स. ११८७. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी शापाची वेळ आली की भाषा एकदम मराठी होते: "अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी". जो कोणी हे शासन, म्हणजे ही राजाज्ञा, मोडेल. दानाचा तपशील विद्वानांच्या भाषेत लिहिला आणि धमकी ज्यांना द्यायची त्यांच्या भाषेत. मी परळ-लालबागच्या मंडळींसमोर ही ओळ मोठ्याने वाचते तेव्हा "कोणुहुवि" या शब्दावर हमखास कोणीतरी म्हणतं, "आमच्या गावाकडे 'कोनी बी' म्हणतात ते हेच काय?" मग पुढचा अर्धा तास मला काही करावं लागत नाही.

परळचंच आणखी एक उदाहरण द्यायला हवं, कारण ते मला फार प्रिय आहे. १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चाललं असताना एक प्रचंड शिल्प निघालं. पांढरट दगड, उंची साडेतीन मीटरच्या आसपास, मधोमध एकातून एक वर उमलत जाणारे तीन शिव, त्यांच्या दोन्ही अंगांना आणखी चार, आणि पायाशी वाद्यं वाजवणारे गण. पाचव्या-सहाव्या शतकातलं म्हणजे घारापुरीच्या काळाच्या जवळचं काम. लोकांनी ते जवळच्या बारादेवीच्या देवळात नेलं आणि ते आजही तिथेच आहे, संरक्षित आहे आणि पूजेतही आहे. संग्रहालयात, म्हणजे फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्याची प्रतिकृती आहे. मूळ मूर्ती वस्तीत आणि नक्कल संग्रहालयात! सहसा याच्या उलट होतं. गाभाऱ्यातल्या त्या अंधारात उभं राहून वर पाहिलं की मान दुखते, आणि शेजारी एखादी मावशी हात जोडून डोळे मिटून उभी असते. दोघींनाही काही ना काही मिळत असतं.

संग्रहालयात गेलात तर अशोकाच्या क्रमवार शिलालेखांपैकी सोपाऱ्याचे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याकडचे, तुकडेही बघा. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, त्याच वर्षी त्यांनी तिथला स्तूप उकरला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. विरार लोकलमध्ये लटकून येणाऱ्या माणसाला नालासोपारा म्हणजे गर्दी. त्याला मी नवव्या लेखात काय म्हटलं आहे ते सांगते: लोक आजारपणात, लग्नात, मूल व्हावं म्हणून, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, बायका तर फारच करतात, पण त्यातून फळ थोडंच मिळतं, नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, जिवांना जपणं हा खरा विधी. एकदा आमच्याबरोबर महिला मंडळाच्या पंचवीस जणी होत्या. एक जण फटकन म्हणाली, "बायकाच दिसल्या का याला?" त्यावरून त्या काचेसमोर जी चर्चा झाली, तसं मौर्यकाळाचं प्रकरण मी वर्गात आजवर कधी शिकवू शकले नाही. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाशी तिने वाद घातला, म्हणजे तो लेख तिच्यापर्यंत पोहोचला.

म्हणून माझा अनुभव असा की लोकांना सनावळीने सुरुवात करून काही सांगू नये. लग्न, जमीन, भांडण, शिवी, पाणी यांतलं काहीतरी प्रत्येक दगडात असतं, तिथून आत शिरावं. शाळेतल्या मुलांना मी बोरिवलीच्या एक्सर गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, दाखवते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर तो शिवाच्या पिंडीपाशी पोहोचलेला. एक्सरच्या दगडांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध तेराव्या शतकात यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या संघर्षाशी जोडतात. "जोडतात" हा शब्द मी मुलांकडून दोनदा म्हणवून घेते. चित्र डोळ्यांना दिसतं, संबंध मात्र अनुमानाने लावलेला आहे, आणि एवढा फरक सहावीतल्या मुलालाही कळतो.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र हे घसरतं. आमच्या त्या गधेगाळीची बातमी कुठूनतरी बाहेर गेली आणि एका वर्तमानपत्रात "हजार वर्षांपूर्वीचं मंदिर सापडलं" असा मथळा आला. मंदिराचा कोणी उच्चारही केला नव्हता. आठवडाभर गावठाणात अनोळखी माणसं खोदायच्या गोष्टी करत फिरत होती. आजी माझ्यावर रागावल्या आणि ते रास्तच होतं. तेव्हापासून बातमी द्यायची असेल तर आम्ही चार वाक्यं स्वतः लिहून देतो: काय दिसलं, कुठल्या प्रकारचं आहे, काळाचा अंदाज कशावरून, आणि काय अजून कळलेलं नाही. वस्तीतल्या दोघांना ती आधी वाचून दाखवतो.

दुसरी चूक पूर्णपणे माझी आहे आणि ती अजून सलते. एका तळ्याच्या काठी पिंपळाखाली छोटा, हातभर उंचीचा वीरगळ होता. मी आनंदाने फोटो टाकला, खाली नकाशावरची जागाही दिली. दोन-अडीच महिन्यांनी गेले तर पारावर त्याच्या बुडाचा फक्त ओलसर चौकोन होता. कोणी नेला, कुठे नेला, कळलं नाही. त्याचा फोटो आहे, पण मापं घेतलेली नव्हती, खालच्या पट्टीचा जवळून फोटो नव्हता. एकटा, सुटा आणि उचलता येण्याजोगा दगड असेल तर जागा जाहीर करू नका. वस्तीला माहीत असलेली जागा आणि जगाला माहीत असलेली जागा यांत मोठा फरक आहे.

आता तुमच्या दगडाबद्दल. तो हलवू नका, सरळही करू नका. खडू, पीठ, हळद, तेल काहीही चोळू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको. अक्षर वाचायच्या नादात अक्षरच जातं. शेंदूर असेल तर राहू दे, तो लोकांचा आहे. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, बाजूने उजेड पडत असताना, शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंचे फोटो घ्या. दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. पूर्वी तो कुठे होता हे म्हाताऱ्या माणसांकडून काढा, त्यांच्याच शब्दांत उतरवा, वेताळ म्हणत असतील तर वेताळच लिहा. ते नावही त्या दगडाचा इतिहास आहे.

कायद्याचंही बघावं लागतं. जमिनीतून काही निघालं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा दहाचा आकडा तेव्हापासूनचा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, कोरीव लेख वगैरेंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो, म्हणून "मी घरी जपून ठेवतो" हा विचार चांगल्या मनाने आला तरी तसं करू नका. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं कार्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मुंबई मंडळ शीवच्या किल्ल्यापाशी. फोटो आणि दोन पानी टिपण घेऊन स्वतः जा, पोच घ्या. विद्यापीठाच्या पुरातत्त्व केंद्रातल्या आणि महाविद्यालयांतल्या मंडळींनी साष्टीत गावोगाव फिरून असं सर्वेक्षण केलेलं आहे, तिथे तुमचं टिपण वाचणारी माणसं भेटतील.

पण या सगळ्याच्या आधी एका संध्याकाळी देवळात आरतीनंतर दहा मिनिटं मागून घ्या आणि त्या दगडाबद्दल तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं बोला. आमच्या गावठाणात मध्यंतरी गटाराच्या पाइपसाठी खोदकाम आलं, आखणी थेट विहिरीवरून होती. मी शाळेत होते, मला पत्ताही नव्हता. सातबारा म्हणणारे काका प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दगडाला पाठ लावून बसले आणि कामावरच्या माणसांना त्यांनी चंद्र-सूर्यापासून सगळं सांगितलं, शिवीसकट. पाइप दोन हात सरकला.

तुमच्या दगडाचे फोटो इथे उत्तराखाली टाकलेत तर मी नक्की बघेन. वर चंद्र-सूर्य आहेत का आणि खालची पट्टी मातीत आहे का, तेवढं लिहा. गावठाणाचं नाव मात्र लिहू नका.