डिसेंबरात हरिश्चंद्रगड, जानेवारीत केदारकांठा: झोपायला हलकी फोमची मॅट कोणती घेऊ?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम, जमलं तर जानेवारीत उत्तराखंडातला केदारकांठा. दुकानात ३०० रुपयांपासून ४००० पर्यंतच्या मॅट बघून डोकं चक्रावलंय, घरी योगा मॅट पडून आहे, उंची साडेपाच फूट आणि झोप कुशीवर. सॅकचं वजन कमी ठेवायचंय.

योगा मॅटचं आधी उरकून टाकते. ती नका नेऊ. पाय घसरू नये आणि अंगाखाली दबू नये म्हणून ती मुद्दाम घट्ट बनवलेली असते. सहा मिलिमीटरची साधी पीव्हीसीची मॅट किलोच्या आगेमागे भरते. फोममध्ये ऊब धरून ठेवते ती आत अडकलेली हवा, आणि योगा मॅटमध्ये तीच कमी. म्हणजे जास्त वजन वाहून कमी ऊब.

माझी पहिली चूक याच्या नेमकी उलट होती. कॉलेजात असताना रतनगडावर जाताना मी घरातल्या जुन्या गादीतला स्पंज कापून नेला होता. मऊ, गुबगुबीत, हाताला अगदी हलका. सगळ्यांनी माझा हेवा केला. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती कमरेचं हाड कातळाला टेकल्यामुळे. चार इंचांचा स्पंज माझ्या वजनाखाली पापडासारखा झाला होता. गुहेतली जमीन दमट होती, सकाळपर्यंत त्याने पाणी पिऊन घेतलं, आणि शिड्या उतरताना सॅकमागून टिपटिप ठिबकत होतं. खालून येणारा मित्र अजून त्याचा उल्लेख करतो.

तेव्हापासून कुठलीही मॅट हातात आली की मी आधी दोन गोष्टी बघते: वजनाखाली तिची जाडी किती उरते, आणि ती पाणी पिते का. दुकानदार मात्र कौतुक सांगतात ते मऊपणाचं. आपण कितीही भारी स्लीपिंग बॅग घेतली तरी पाठीखालचा तिचा भाग दबून चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते आणि तिथे ती बॅग असून नसल्यासारखी. मग जमीन अंगातली ऊब ओढत राहते. गडावरच्या कोकणकड्याचा कातळ दिवसभर तापलेला असतो, पण पहाटे तीनला तो कसा होतो हे एकदा हात लावून बघा.

तर हवा तो बंद पेशींचा फोम. त्यात प्रत्येक बुडबुडा वेगळा बंद असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि हवा बाहेर पळत नाही. शंका असेल तर कडेचा चणाभर तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात दाबा. बंद पेशींचा असेल तर सोडताच टुणकन वर येतो आणि पुसला की कोरडा.

या प्रकारात बाजारात मुख्यतः तीन माल दिसतात. पहिला ईपीई, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतो तोच. बुडबुडे डोळ्यांना दिसतात, दुमडला की घडी पडते ती पडतेच. सगळ्यात हलका, सगळ्यात स्वस्त, आणि पाच-सात मुक्कामांत कमरेपाशी पातळ होणारा. दुसरा एक्सएलपीई, बुडबुडे बारीक, पृष्ठभाग गुळगुळीत, दाबला की परत उठतो. तिसरा ईव्हीए, रबरासारखा लवचिक, थंडीत ताठरत नाही, सगळ्यात टिकाऊ, पण थोडा जड. लेबलवर यातलं काही लिहिलेलं नसेल तर अंगठा वापरा. मॅट दोन बोटांत धरून अंगठ्याने जोरात दाबायची, मनात दहा मोजायचे, सोडायची. खळगा डोळ्यांदेखत भरून आला तर ठीक. तसाच राहिला तर दुकानदार कितीही इंपोर्टेड म्हणो, परत ठेवा.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे तिसरीच्या पुस्तकातला गुणाकार. १८० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद, १ सेंमी जाड म्हणजे ९००० घन सेंमी, अर्थात ९ लिटर. वजन २७० ग्रॅम असेल तर लिटरला ३० ग्रॅम झाले. साधारण ३० ते ५० च्या दरम्यान आलं की मॅट झोपायच्या लायकीची. २० च्या खाली आलं तर ते पॅकिंगचं साहित्य आहे. योगा मॅटला हाच हिशेब लावलात तर आकडा दीडशेच्या घरात जातो. मी पर्समध्ये भाजी तोलायचा छोटा हुकवाला काटा ठेवते, दुकानदार बघत राहतात. तुम्हाला लाज वाटत असेल तर शेजारच्या किराणावाल्याकडून तोलून आणा.

महागड्या मॅटवर 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. मॅटच्या एका बाजूला गरम पाटा, दुसऱ्या बाजूला थंड, आणि गरम बाजू तशीच ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजायचं. ऊर्जा जितकी कमी लागते तितका आकडा मोठा, आणि आकडा मोठा तितकी मॅट उबदार. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, म्हणून तुलना फुकट होती. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एक सामाईक मानक आलं, तेव्हापासून ठीक आहे. थर्मारेस्टची झेड लाइट सोल ही नावाजलेली घडीची मॅट ४१० ग्रॅमची, आर-व्हॅल्यू २. नेमोची स्विचबॅक ४१५ ग्रॅम, तीही २. दोन्हींची जाडी दोन सेंटिमीटर किंवा थोडी जास्त सांगतात, पण ती उंचवटे-खळगे धरून. आत भरीव फोम तेवढा नाही. साध्या सपाट फोमला सेंटिमीटरमागे ढोबळमानाने सव्वाच्या आसपास धरा. म्हणजे साधी एक सेंटिमीटरची चांगली मॅट या महागड्यांच्या निम्म्याहून बरीच पुढे असते. फरक आहे, पण किमतीइतका नाही. घडीची मॅट सॅकला लावायला सुटसुटीत आणि जेवायला बसताना पटकन उलगडते, हे मात्र मान्य.

जाता जाता: आपण 'कॅरी मॅट' म्हणतो ना, त्याचा 'कॅरी'शी, वाहून नेण्याशी संबंध नाही. कॅरिमोर नावाच्या ब्रिटिश कंपनीची 'कॅरिमॅट' होती, तिचं ते नाव. दुकानात याच नावाने मागा, चटकन मिळते.

आता वजनाचं. हलकी मॅट पैशांपेक्षा कात्रीने स्वस्तात होते. हरिश्चंद्रगडासाठी १० किंवा १२ मिलिमीटरची एक्सएलपीई नाहीतर ईव्हीएची मॅट घ्या आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच, म्हणजे १२० सेंमी ठेवा. पायांखाली रिकामी केलेली सॅक सरकवायची, तिच्या पाठीलाही फोम असतोच. वर सांगितलेली २७० ग्रॅमची मॅट अशी १८० वर येते. उरलेला ६० सेंमीचा तुकडा टाकू नका. तुम्ही कुशीवर झोपता, म्हणजे सगळा भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर. पाठीवर झोपणाऱ्याला जी मॅट पुरते ती तुम्हाला पुरणार नाही. तो तुकडा कमरेखाली दुसरा थर म्हणून टाका: नेमकी जिथे हवी तिथे दोन सेंटिमीटर जाडी, आणि एकूण वजन अख्ख्या मॅटइतकंच. दिवसा हाच तुकडा बसायला. गडाच्या वाटेवरच्या टोलार खिंडीत ओल्या दगडावर बसून पोहे खाताना त्याची किंमत कळते.

न्यायची कशी, हेही ठरवून ठेवा. सॅकच्या तळाशी आडवी बांधलेली वळकटी पाचनईच्या वाटेने निभावेल. तीच नळीच्या वाटेला, म्हणजे गडाच्या उभ्या घळीतून चढताना, दोन्ही बाजूंच्या खडकाला घासत, अडत, मागे ओढत राहते, आणि कारवीत शिरलात की तिचे लचके निघतात. मी मॅट सॅकच्या आत नळकांड्यासारखी उभी सोडते आणि सामान तिच्या पोटात भरते. सॅकला आकार येतो, पाठीला डबा टोचत नाही, मॅटही शाबूत राहते. कापलेली मॅट यात छान बसते, पूर्ण लांबीची जरा दादागिरी करते.

हवा भरायच्या गाद्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणी ना कोणी सुचवेलच. कुशीवर झोपणाऱ्याला त्या खरोखर सुखाच्या. पण पावसाळ्यानंतर आपल्या डोंगरावर सुकलेल्या गवताची कुसळं मोज्यातून आरपार जातात, तिथे त्या पातळ कापडाची काय कथा. रात्री बारा वाजता भोक शोधत बसायची हौस मला नाही. फोमला भोक पडलं तरी तो फोमच राहतो.

केदारकांठ्याचं गणित वेगळं. शिखर ३८०० मीटरच्या वर, पायथ्याच्या सांकरी गावाहून निघालात की जानेवारीत मुक्काम बर्फावरच, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. तिथे कापलेली मॅट अजिबात नको. पाय सॅकवर ठेवून निभत नाही. बर्फासाठी आर-व्हॅल्यू चारच्या पुढे हवी. इथे फोमचा एक मोठा गुण कामी येतो: थरांची आर-व्हॅल्यू सरळ बेरजेने वाढते. आयोजक बहुतेक वेळा तंबूत एक फोमची मॅट देतात. बुकिंग करताना ती किती जाड असते आणि माणशी एक की दोन, हे फोनवर विचाराच. तिच्यावर तुमची पूर्ण लांबीची, थोडी जाड मॅट टाकलीत की तीनच्या पुढे जाता. कमरेखाली हरिश्चंद्रगडाचा तो तुकडा टाकला की तिथे चार ओलांडता. म्हणजे दोन ट्रेकना मिळून दोन साध्या मॅट लागतील, एक कापायची आणि एक न कापायची. दोन्ही मिळून खर्च त्या एका महागड्या मॅटपेक्षा कमीच होईल. चकचकीत ॲल्युमिनियमचा पापुद्रा असेल तर ती बाजू अंगाकडे ठेवा. त्याने थोडा फरक पडतो, पण फक्त त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

जपायचं म्हटलं तर फार काही नाही. चुलीजवळ, स्टोव्हखाली किंवा उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, फोम आक्रसतो. घरी गुंडाळून, वर दोरी आवळून ठेवली की सहा महिन्यांत कायमची चपटी होते. गादीखाली सपाट पसरून ठेवा, घरच्यांना पत्ताही लागत नाही.

आणि गडावर न्यायच्या आधी एक रात्र घरात नुसत्या फरशीवर ती टाकून झोपा, उशीला कपड्यांची पिशवी घेऊन. कमरेखालचा तुकडा नेमका कुठे बसतो ते तेव्हाच कळेल. तिथे मार्करने दोन रेघा मारून ठेवा. गुहेत अंधारात हेडटॉर्च तोंडात धरून ती जागा शोधत बसावं लागत नाही.