ग्राफिक्स ड्रायव्हर, सी भाषा आणि व्होलाटाइलचा गैरसमज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एकाच चिपसाठी आणि एकाच ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसरीकडे नेताना काय मोडतं, याबद्दलच्या त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या काहींना इथे एकत्र उत्तर देतो.

प्रश्न : जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) मेमरीतला पत्ता मी अनसाइन्ड लाँग या पूर्णांक प्रकारात ठेवतो. लिनक्सवर सगळं ठीक, विंडोजवर मात्र पत्त्याचा वरचा अर्धा भाग गायब होतो. असं का?

६४ बिट विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच असतो. जीपीयूच्या पत्त्यासाठी यूइंट६४_टी वापरा. सीपीयूचा पॉइंटर पूर्णांकात ठेवायचाच असेल, तर यूइंटपीटीआर_टी. हे प्रकार सी९९ पासून भाषेत आहेत.

प्रश्न : रजिस्टरमधल्या (चिपला आज्ञा देण्याच्या खणातल्या) फील्डसाठी सी भाषेतले बिटफील्ड वापरले तर कोड सुटसुटीत दिसतो. चालेल का?

नको. बिट कुठल्या टोकापासून भरायचे हे कंपायलर ठरवतो, आणि ३२ बिटांच्या रजिस्टरला तो एका बाइटनेही हात लावू शकतो. मास्क आणि शिफ्ट वापरा. सगळ्यात वरच्या बिटासाठी साधा १ नव्हे, अनसाइन्ड १ शिफ्ट करा. ३२ बिटांच्या साइन्ड इंटमध्ये १ ला ३१ घरं सरकवणं हे अपरिभाषित वर्तन आहे, म्हणजे निकालाची भाषा काहीच हमी देत नाही.

प्रश्न : एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) महिनोन्‌महिने न अडखळता चाललेला ड्रायव्हर आर्म बोर्डावर अधूनमधून जीपीयू हँग करतो. रजिस्टरचा पॉइंटर व्होलाटाइल आहे. ‘तेवढं पुरतं’ असं सीनियर म्हणतात. मध्ये एक प्रिंट टाकला की हँग थांबतो. तो तसाच ठेवू का?

ठेवू नका. आणि व्होलाटाइल पुरत नाही. ही ऐकीव समजूत इतकी खोल रुजली आहे की सविस्तर लिहितो.

तुमचा ड्रायव्हर आधी रिंग बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या गोल रांगेत, कमांड लिहितो, मग डोअरबेल रजिस्टरमध्ये रांगेचा नवा शेवट लिहून जीपीयूला उठवतो. व्होलाटाइल कंपायलरला एवढंच सांगतं की हे लेखन गाळू नको आणि दोन व्होलाटाइल लेखनांचा आपसातला क्रम बदलू नको. तुमचा रिंग बफर साधी मेमरी आहे. ते लेखन डोअरबेलच्या पलीकडे ढकलायला कंपायलर मोकळा आहे. त्याने ढकललं नाही, तरी प्रोसेसर ढकलू शकतो. एक्स८६ साध्या मेमरीतल्या दोन लेखनांचा क्रम बदलत नाही, म्हणून चूक झाकली गेली. आर्म बदलतो. मग जीपीयू जागा होतो तेव्हा त्याला बफरमध्ये जुना कचरा दिसतो. एक्स८६ वरही राइट-कंबाइनिंग (लेखनं एकत्र करून पाठवणारी) म्हणून मॅप केलेल्या मेमरीत ही हमी उरत नाही.

उपाय म्हणजे दोन लेखनांच्या मध्ये योग्य बॅरियर, म्हणजे त्यांचा क्रम बदलू न देणारी आज्ञा. रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या लिनक्स कर्नलच्या राइटएल या फंक्शनमध्ये तो आधीच असतो. ‘वेग वाढेल’ म्हणून लोक त्याच्या जागी राइटएल_रिलॅक्स्ड घालतात आणि बॅरियर काढून टाकल्याचं त्यांच्या गावीही नसतं. सी११ च्या अॅटॉमिकवरही विसंबू नका. त्यांचे नियम थ्रेडांमधले आहेत, बसच्या पलीकडच्या उपकरणाबद्दल भाषा काहीच बोलत नाही. पीसीआय एक्सप्रेस या बसवर लेखन ‘झालं’ म्हणजे ते उपकरणापर्यंत पोचलं असंही नाही. खात्री हवी तर त्याच उपकरणाचं रजिस्टर वाचून घ्यावं लागतं. आणि जीपीयू सीपीयूच्या कॅशशी सुसंगत नसेल, म्हणजे कॅशमधला ताजा माल त्याला दिसत नसेल, तर एकटा बॅरियरही अपुरा. कॅश रिकामी करून माल मेमरीत उतरवावा लागतो.

तुमच्या प्रिंटने फक्त वेळ लांबवली. असा प्रिंट किंवा डिले घालून सोडलेला ड्रायव्हर मी ग्राहकाच्या मशीनवर कोसळताना पाहिला आहे, आणि दुरुस्ती करायला तिथे कोणीच नव्हतं. चिपचं मॅन्युअल समोर ठेवा, डीएमएचं (उपकरणाने थेट मेमरी वापरण्याचं) काम केलेल्या माणसाकडून हा भाग ओळीओळीने तपासून घ्या. चिप बनवणाऱ्यांच्या इंजिनिअरला लेखी विचारा : जीपीयू कॅशशी सुसंगत आहे का, कुठल्या मेमरीसाठी?

प्रश्न : ६४ बिट कर्नलवर ३२ बिट अॅपची आयओसीटीएल (ड्रायव्हरला केलेली विनंती) फसते. स्ट्रक्टमध्ये आधी ३२ बिटांचं फील्ड आणि मग ६४ बिटांचं आहे. फील्डांमधली मोकळी जागा (पॅडिंग) काढणारा पॅक्ड लावू का?

पॅक्डने पॅडिंगची चूक जाईल, पण अलाइन नसलेल्या फील्डची नवी कटकट येईल. ३२ बिट एक्स८६ लिनक्सवर हा स्ट्रक्ट १२ बाइटांचा होतो, ६४ बिटवर १६ चा. ३२ बिट आर्मवर तोही १६ चाच, म्हणून तिथे तपासलंत तर चूक दिसणारच नाही. मधली चार बाइटं स्वतः फील्ड म्हणून लिहा आणि ती शून्य आहेत का ते कर्नलमध्ये तपासा. पॉइंटरही ६४ बिटांच्या फील्डमधूनच पाठवा. कंपाइल करतानाच तपासणाऱ्या स्टॅटिक असर्टने आकार पक्का करा. एकदा बाहेर पडलेला स्ट्रक्ट बदलता येत नाही, तेव्हा रिलीजआधी मेंटेनरांना दाखवा.

प्रश्न : दुसऱ्या जीपीयूवर टेक्स्चर तिरकं दिसतं.

रुंदी गुणिले चार (प्रत्येक पिक्सेलचे चार बाइट) म्हणजे मेमरीतल्या ओळीची लांबी नव्हे. डायरेक्ट३डी १२ मध्ये कॉपीसाठी ओळ साधारणपणे २५६ बाइटांच्या पटीत लागते. व्हल्कनमध्ये लीनियर इमेजची रो-पिच (ओळीची खरी लांबी) ड्रायव्हरला विचारा.

प्रश्न : एक विक्रेता म्हणतो, आमचं टूल चालवा, कोड ‘शंभर टक्के पोर्टेबल’ झाल्याचं प्रमाणपत्र देऊ. घ्यावं का?

नाही. शिफ्ट आणि ओव्हरफ्लोच्या चुका जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमधला यूबीसॅन हा तपासनीस फुकटात पकडतो. डोअरबेलआधी बॅरियर हवा हे त्या टूलला कुठून कळणार? त्याला विचारा, कुठल्या चिपवर तपासलंत? उत्तर मिळत नसेल, तर तो तुम्हाला कागद विकतो आहे.

प्रश्न : आधी एक्स८६ वर पूर्ण करू, आर्म आणि बाकीचं शेवटच्या महिन्यात बघू. तोवर क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरेल ना?

शेवटच्या महिन्यात तुम्ही बघणार नाही, घाईघाईने डिले टाकाल. क्यूईएमयू बाइटक्रमाच्या आणि आकारांच्या चुकांसाठी चांगला आहे, त्यासाठी जरूर वापरा. पण एक्स८६ वर चालणारं आर्मचं इम्युलेशन खाली एक्स८६ चीच शिस्तीची मेमरी वापरतं, त्यामुळे गाळलेला बॅरियर तिथे बहुधा दिसतच नाही. खरा आर्म बोर्ड या आठवड्यात टेबलावर आणा, रोजचा बिल्ड त्यावर रात्रभर चालवा, आणि पहिला हँग आला की लॉग घेऊन हार्डवेअरवाल्यांकडे त्याच दिवशी जा.