भूक नाही, पण कॅलरी उरल्यात: खायचं की तसंच झोपायचं?

*वय ३८, उंची पाच फूट दोन, वजन ७४ किलो. मोबाइलमधल्या ॲपने दिवसाला १,५०० कॅलरींचं उद्दिष्ट दिलंय. संध्याकाळपर्यंत माझं कसंबसं १,०५० होतं आणि रात्री भूकच लागत नाही. सासूबाई म्हणतात, उपाशी झोपू नये. जिममधली मैत्रीण म्हणते, इतकं कमी खाल्लं की शरीर चरबी धरून ठेवतं आणि वजन उतरायचं थांबतं. उरलेल्या ४५० कॅलरी बळेच खाऊ का?*
*– एक वाचक, जळगाव*

एखाद्या रात्री भूक नसेल तर खाऊ नका. तुमच्या वयाला, उंचीला आणि हलक्या कामाला रोजचा खर्च अंदाजे १,९०० कॅलरी येतो. त्यातून चारेकशे वजा करून ॲपने १,५०० काढले. आपलं शरीर रात्री बारा वाजता हिशोब मिटवत नाही, म्हणून आठवड्याची बेरीज बघा. १,५०० गुणिले ७ म्हणजे १०,५००. दोन दिवस १,१००, चार दिवस १,५०० आणि रविवारी वरण-बट्टीच्या पंगतीत २,३०० झाले, तरी बेरीज बरोबर १०,५०० च येते.

पण त्याआधी एक शंका मनात ठेवा. तुमचे १,०५० खरोखर १,०५० आहेत का? ज्यांना "कमी खाऊनही भूक लागत नाही", त्यांच्या नोंदीत बहुतेक वेळा तेल, दाणे आणि चहा सुटलेले असतात. आपल्या भरिताचंच बघा. चार माणसांसाठी एक किलो वांगी घेतली तर त्यांच्या सगळ्या मिळून २५० कॅलरी, म्हणजे माणशी साठ. फोडणीत १०० मिली तेल गेलं की ते ९२ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे माणशी दोनशेच्या वर. ५० ग्रॅम शेंगदाण्यांचे आणखी सत्तर. वांग्याच्या साठ कॅलरींची वाटी ताटात येईपर्यंत ३३० च्या पुढे गेलेली असते. ॲपमध्ये "वांग्याचं भरीत, एक वाटी" असं शोधलंत तर भलताच आकडा मिळेल, कारण तो खान्देशी हाताने घातलेल्या तेलाचा नसतो.

भाकरीचंही तसंच. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ असो की दादर ज्वारीचं, १०० ग्रॅमला साधारण ३४५ कॅलरी धरा. एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची असते, दुसऱ्या घरी १०० ची. फरक जवळजवळ १४० कॅलरींचा. चहात दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी, त्यात अर्धी वाटी म्हशीचं दूध, असे तीन कप झाले की अडीचशेच्या पुढे.

तेव्हा तीन दिवस, फक्त तीन दिवस, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा वापरा. स्वयंपाकाआधी तेलाची बाटली तोला आणि नंतर पुन्हा तोला. जितकी हलकी झाली तितके ग्रॅम गुणिले ९. कढईत उरलेलं तेल वेगळं काढत असाल तर ते वजा करा. पिठाचा डबाही आधी-नंतर तोला, म्हणजे थापताना लावलेलं पीठही हिशोबात येतं; मग एकूण वजनाला भाकऱ्यांच्या संख्येने भागा. दाणे मुठीने मोजू नका. ३० ग्रॅम दाण्यांच्या १७० कॅलरी होतात आणि मोठी मूठ सहज चाळीसवर जाते. तीन दिवसांनी आकडा १,४०० च्या आसपास आला, तर प्रश्न तिथेच मिटला. भूक लागत नव्हती, कारण पोट भरलेलंच होतं.

काट्यानेही १,०५० च सांगितलं आणि रोजच तसं होत असेल, तर मात्र उत्तर वेगळं. बायकांनी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय रोजची सरासरी १,२०० च्या खाली आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली नेऊ नये. इतक्या थोड्या अन्नात लोह, कॅल्शियम, प्रथिनं बसतच नाहीत. दोन भाकऱ्या, पातळ वरणाची वाटी, भाजी आणि चहातलं दूध धरलं तर प्रथिनं जेमतेम ३० ग्रॅम होतात. वजन उतरवताना ती किलोमागे एक ते १.२ ग्रॅम हवीत. तुम्हाला ६२ किलोवर यायचं असेल तर ६२ ते ७५ ग्रॅम. ती नसतील तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्यावर आकडा उतरतो, पण जिना चढताना मांड्या भरून येतात.

ही उणीव रात्री भरू नका, सकाळ बदला. सकाळी नुसता चहा-बिस्किटाऐवजी दोन अंडी (१५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं), किंवा ५० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ (१७० कॅलरी, ११ ते १२ ग्रॅम). वरण पातळ न करता घट्ट ठेवा, माणशी ४० ग्रॅम डाळ पडू द्या. भाजीत २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातल्या तर ८५ कॅलरींत १३ ग्रॅम मिळतात. प्रथिनांच्या बाबतीत याहून स्वस्त सौदा किराणा दुकानात नाही. हे केल्यावरही रात्री रितंरितं वाटलं तर एक वाटी दही. सासूबाईंचा जीव शांत होईल आणि तुमचेही १०० कॅलरींपेक्षा जास्त जाणार नाहीत.

मैत्रीण सांगते त्यात अर्धं तथ्य आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सरासरी १,५७० च्या आसपास कॅलरींवर ठेवलं आणि रोज भरपूर चालवलं. त्यांचा विश्रांतीतला खर्च घटला हे खरं, पण वजन उतरायचं थांबलं नाही. ते जवळजवळ चौथ्या हिश्श्याने गेलं. मात्र थंडी वाजणं, खिन्नता, सतत अन्नाचेच विचार हेही मागे लागलं. एक रात्र कमी जेवल्याने यातलं काहीच होत नाही. महिनोन्महिने शरीराला कमी दिलं तर होतं. आणि चरबी कुणी "धरून ठेवत" नाही. वजन अडलं असेल तर आधी तेलाची बाटली तोला.

*केळीच्या बागेत कामाला असतो. वय २९, उंची पाच फूट सात, वजन ८८. उद्दिष्ट १,८००. मे महिन्यात ४४-४५ अंशांत दिवसभर अन्न नको वाटतं. उसाचा रस, थंड पेय यावर निभावतो आणि रात्री दहाला तीन भाकऱ्या, शेवभाजी. बेरीज १,८०० च्या आतच येते. चालेल का?*
*– एक वाचक, रावेर तालुका*

उद्दिष्टच चुकलंय. तुमच्या शरीराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला १,८०० च्या आसपास कॅलरी लागतात. ॲपने कामाचं स्वरूप विचारलं तेव्हा "बैठं काम" निवडलं गेलं असावं. घड कापणं, वाहणं, बारे (पाणी) देणं अशा अंगमेहनतीत खर्च तीन हजारांवर जातो. उन्हाळ्यात २,४०० च्या खाली जाऊ नका. तेवढ्यावरही वजन उतरेल.

उन्हात भूक मरते हे खरं आहे. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते आणि तापलेलं शरीर ती टाळू बघतं. म्हणून ऊन चढायच्या आधी, सकाळी आठच्या आत, दिवसातलं मोठं जेवण उरका: भाकरी, घट्ट डाळ, दही. दुपारी ताट पुढे ओढू नका. दोन केळी (दोनशे कॅलरींच्या आसपास) आणि जिरं-मीठ घातलेलं ताक एवढं झेपतं. उसाचा ३०० मिली रस म्हणजे १५० ते १८० कॅलरी, आणि त्यात प्रथिनं जवळपास शून्य. तोंडाला गोडी येते, पण पोटाला आधार मिळत नाही. रात्री दहाची ती तीन भाकऱ्यांची भूक तिथूनच येते. शेवभाजी आठवड्यातून एकदा खा, रोज नको: ५० ग्रॅम शेवेचे पावणेतीनशे आणि वरच्या तर्रीचे दोन मोठे चमचे म्हणजे आणखी अडीचशेच्या आसपास.

कामाआधी आणि कामानंतर वजन करून बघा. एक किलो कमी भरलं तर ते पाणी आहे, चरबी नाही. तेवढं, आणि वर थोडं, मीठ-पाण्यासह परत घ्यायचं. भूक नाही आणि सोबत डोकं दुखतंय, मळमळतंय, लघवी गडद आणि थोडी होतेय, तर कॅलरीचा विषय बाजूला ठेवून सावलीत या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखान्यात न्या.

*वय ६१. शुगरसाठी सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू आहे. वजन कमी करायला सांगितलं म्हणून मुलाने कॅलरी मोजायला शिकवलं. रात्री भूक नसली की जेवण सोडून देतो. हल्ली कधी कधी पहाटे घामाने जाग येते.*
*– एक वाचक, धुळे*

तुम्ही जेवण सोडू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला लागू नाही.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो, आणि त्याचा असर दिवसभर राहतो. रात्रीचं जेवण गेलं की पहाटे साखर उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, विचित्र स्वप्नं ही त्याची लक्षणं. (एकटं मेटफॉर्मिन सहसा असं करत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र हाच धोका असतो.) पुढच्या वेळी जाग आली की लगेच ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून घ्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. वर आली की अर्धी भाकरी आणि दूध. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणि हे या आठवड्यातच डॉक्टरांना सांगा. कमी खाऊ लागलात, वजन उतरू लागलं, म्हणजे गोळीची मात्राही बदलावी लागू शकते. ती स्वतःहून बंद करू नका. तोवर भूक नसली तरी रात्री अर्धी भाकरी आणि एक वाटी घट्ट वरण, साधारण २५० कॅलरी, वेळेवर घ्या. हिशोबात जड वाटत असेल तर दुपारच्या ताटातून तेवढं काढा.

*श्रावणात कानबाई देवीचे रोट असतात. भूक नसली तरी प्रसाद वाया कसा घालवायचा? खापरावरच्या एका पुरणपोळीच्या किती कॅलरी धरू?*
*– एक वाचक, चोपडा*

सामानावरून काढा. एका पोळीत ५० ग्रॅम डाळ, ६० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम कणीक आणि वरून एक मोठा चमचा तूप गेलं, तर सातशेच्या आसपास. चतकोर घेतली तर पावणेदोनशे. प्रसादाला चतकोर पुरतो आणि कानबाई त्यावर रागावत नाही. त्या ताटात भात आणि खीर थोडी कमी वाढून घ्या, कटाची आमटी आणि गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी पोटभर खा, आणि उरलेलं घरात कुणाला खरंच भूक लागली आहे त्याच्या ताटात जाऊ द्या.

*मुलगी १७ वर्षांची. सहा महिन्यांपासून ॲपवर कॅलरी मोजते, ७०० वर थांबते आणि "भूक नाही" म्हणते. तीन महिने पाळी आलेली नाही, केस गळताहेत. बारीक झाली म्हणून सगळे कौतुक करतात. काय करू?*
*– एक आई, नंदुरबार*

तिला भूक नाही हे खरं मानू नका, आणि ती खोटं बोलतेय असंही मानू नका. दीर्घकाळ कमी खाल्लं की भुकेची जाणीवच बोथट होत जाते. पाळी थांबणं म्हणजे शरीराने अन्नाअभावी काम आवरतं घेतलं आहे, आणि या वयात त्याची झळ हाडांना लागते.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. नाडी, रक्तदाब, वजन आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस तपासून घ्या. उभं राहताना चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा ती कुठे कोसळली असेल तर त्याच दिवशी न्या. एकदम भरपूर खाऊ घालू नका. खूप दिवस कमी खाल्लेल्या शरीरात अचानक अन्न गेलं की हेच क्षार झपाट्याने खाली येतात आणि ते जिवावर बेतू शकतं. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. ॲप बंद करायला तिला राजी करा, पण ताटावर भांडू नका. सगळ्यांनी एकत्र बसून जेवा. तिच्या बारीक होण्याचं कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना तिच्यामागे, शांतपणे, थांबवा. मानसोपचाराची मदतही लागेल. जवळ तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही स्वतः केलात तरी चालेल.